झोपण्याच्या उंचीचा रकाना

मित्रांनो, माझ्या डबीच्या झाकणाला आतून निळी मखमल आहे. त्या मखमलीच्या मागे एक पत्र एकोणीस वर्षे घडी करून ठेवलेले होते. ते पेरू देशातून आले होते. लिहिणारा खेचरे हाकणारा होता आणि त्याने एकच प्रश्न विचारला होता. माझ्या मालकांनी त्याचे उत्तर दिले नाही. एवढी वर्षे मी त्या पत्राच्या अंगाला अंग लावून पडून होतो, म्हणून त्याची गोष्ट सांगण्याचा थोडाफार हक्क मला असावा असे वाटते. नसला तर क्षमा करा. मी फार बोलणाऱ्यांपैकी नाही.

मी आहे एक उंचीमापक, आणि आता जुना झालो आहे. खिशात मावेल एवढे माझे पितळी शरीर. वर काच, काचेखाली पांढरी तबकडी, तिच्यावर शून्यापासून पाच हजार मीटरपर्यंतचे आकडे. पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे, तिच्यातली हवा काढून टाकलेली. बाहेरची हवा विरळ झाली की ही डबी किंचित फुगते आणि काटा वर सरकतो. माझे ज्ञान एवढेच. मला उंची कळत नाही, हवेचे ओझे कळते. वादळ यायचे असले, की टेबलावर ठेवलेला मी जागच्या जागी साठ मीटर चढून जातो. त्यामुळे स्वतःच्या आकड्याबद्दल मला कधीच पुरती खात्री वाटलेली नाही. ज्या घड्याळजीने मला घडवले त्याने मला विकताना सांगितले होते, "याला विचारा, पण आधी दुरुस्त करून विचारा." माझ्याबद्दल याहून खरे कुणी बोललेले नाही.

मला विकत घेतले एवारिस्तो यांनी. आमचे गाव स्पेनमधल्या आरागोन प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, आणि एवारिस्तो तिथल्या शाळेत भूगोल शिकवत. बुजरा माणूस. वर्गात नकाशासमोर उभे राहिले की बोलत, नकाशा गुंडाळला की गप्प. दर रविवारी पहाटेच्या बसने गावचे डोंगरमंडळ शिखरावर जाई. त्याआधी एवारिस्तो मला रेल्वे स्टेशनवर नेत. तिथे भिंतीवर एक पाटी आहे. आलिकान्तेच्या समुद्रापासून या फलाटाची उंची आठशे बारा मीटर, असे तिच्यावर लिहिले आहे; आमच्या देशातल्या साऱ्या उंच्या त्याच समुद्रापासून मोजतात. ते पाटीसमोर उभे राहत, माझे कडे फिरवून काटा आठशे बारावर आणत आणि मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. त्या दिवसापुरता मी खरा होई.

ती माझी कामाची वर्षे. शिखरावर पोहोचल्यावर सगळे माझ्याभोवती जमत. कातडी पिशवीतली वाइन हातोहात फिरे, बटाट्याचे ऑम्लेट घातलेले पाव निघत आणि कुणीतरी म्हणे, "काढ रे तुझा कांदा, बघू किती आलंय." कांदा म्हणजे मी. एवारिस्तो आकडा वाचत, सगळे टाळ्या वाजवत आणि ते आपल्या वहीत नोंद करत. शिखराचे नाव, तारीख, उंची. तीन हजार मीटरच्या वरची शिखरे ते लाल शाईने लिहीत. मग सगळे भराभर उतरत, कारण आमच्याकडे रविवारचे जेवण तीनला असते आणि त्याला उशीर झालेला घरी खपत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पहाटे निघायचे, तीन हजारी शिखर करायचे आणि जेवायला घरी यायचे, ही आमच्या लोकांची रीत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. उंची म्हणजे जिथे जाऊन यायचे ती जागा. तिथे झोपायचे असते हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनात कधी आलेच नव्हते. माझ्याही नव्हते.

मग एका हिवाळ्यात मंडळाने अँडीज पर्वतात जायचे ठरवले. मंडळाची खोली चौकातल्या बारच्या वर होती आणि दर गुरुवारी तिथे बैठक भरे. आराखडा अर्थातच एवारिस्तोंनी करायचा होता. चार महिने त्यांनी दुसरे काही केले नाही. पुस्तके मागवली, नकाशे जोडले, खेचरांसाठी पत्रे लिहिली. शेवटी एका मोठ्या कागदावर अठरा दिवस उभे आखले. विमानाने लिमा, तिथून बसने तीन हजार मीटरवरचे डोंगरातले शहर, तिथे दोन दिवस विश्रांती, मग खोऱ्यातून वर, चार हजार आठशेची खिंड आणि पलीकडे खाली. खिंडीचा आकडा लाल शाईत होता.

त्या गुरुवारी ओरोसियाने बोट ठेवले ते नेमके त्या दोन दिवसांवर. ओरोसिया गावची पावाची भट्टी चालवत असे. विधवा होती, नऊ वर्षांची मुलगी होती, आणि मंडळात तिच्याइतक्या झपाट्याने चढणारे कुणी नव्हते.

"हे दोन दिवस काय करायचं तिथे?" तिने विचारले. "खिडकीत बसून मोजे विणायचे?"

"विश्रांती," एवारिस्तो म्हणाले. "अंगाला विरळ हवेची सवय व्हायला. पुस्तकात तसं लिहिलंय."

"सोळा ऑगस्टला सान रोकेचा उत्सव आहे. देवळात वाटायचे पाव माझ्या भट्टीतून जातात. पंधराला पहाटे माझे हात पिठात पाहिजेत. तुमच्या कागदाप्रमाणे मी सोळाला उतरते."

कोस्मे हसला. तो नळ दुरुस्तीचे काम करी आणि मंडळाचा अध्यक्ष होता. "अरे एवारिस्तो, आपण तीन हजार करून जेवायला घरी येतो. आणि हा तीन हजारावर दोन दिवस निजायला सांगतोय. बस बंद पडली तर ढकलायलासुद्धा आपल्यालाच उतरवतील, एवढे आपण धडधाकट."

सगळे हसले. मी टेबलावर होतो. एवारिस्तोंनी माझ्याकडे पाहिले, जणू मी काही म्हणेन. मग त्यांनी खोडरबर घेतले आणि दोन ओळी पुसल्या. कागदावर तिथे करडा डाग राहिला. त्यांना शंका होती, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून सारखा फिरत होता. पण शंका सांगायला जेवढा आवाज लागतो तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

पेरूत खेचरे घेऊन आलेल्या माणसाचे नाव मासेदोनिओ. आखूड बांध्याचा, डोक्यावर तपकिरी हॅट, कमी बोलणारा. एवारिस्तो शिक्षक आहेत हे कळल्यावर तो त्यांना मास्तर म्हणू लागला. बसमधून उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही चालू लागलो. पहिला मुक्काम तीन हजार आठशे पन्नासवर पडला, दुसरा चार हजार तीनशेवर. हे आकडे आज मी सांगतो आहे. तेव्हा ते कुणी वाचले नाहीत. दिवसा, चढावर, वळणावर मला दहादा बाहेर काढत. तंबू लागले की मी कोटाच्या खिशात, कोट उशाशी. संध्याकाळी माझा काटा कुठे आहे हे कुणी विचारले नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.

दुसऱ्या मुक्कामी सूप वाढले तेव्हा उजेड होता. मासेदोनिओ एवारिस्तोंजवळ येऊन उकिडवा बसला.

"मास्तर, बाईंनी सुपाला हात लावला नाही."

"दमल्या असतील."

"काल पण नाही लावला. उद्या वर नेऊ नका. माझ्याबरोबर खाली पाठवा, दोन दिवस नदीकाठी राहतील."

ओरोसियाने ते ऐकले. ती म्हणाली, "माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. डोकं दुखतंय, एवढंच. भट्टीसमोर उभं राहून बघा एकदा, मग कळेल डोकं दुखणं काय असतं."

"तिला गरम जागेची सवय," कोस्मे म्हणाला. "थंडी बाधली. एक दिवस थांबलो तर तिचा सान रोके जायचा."

मासेदोनिओने एवारिस्तोंच्या तोंडाकडे पाहिले. एवारिस्तोंनी आराखड्याच्या कागदाकडे पाहिले. मासेदोनिओ उठला आणि खेचरांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीत होतो. एवारिस्तोंनी मला काढले. मी चार हजार सातशे ऐंशी दाखवत होतो. त्यांनी मला ओरोसियाच्या हातात दिले आणि कोस्मेने फोटो काढला. तिचे हात गार होते आणि मला सरळ धरता येत नव्हते. उतरताना ती पावले वेडीवाकडी टाकू लागली आणि खोकू लागली. मासेदोनिओने कुणाला काही विचारले नाही. आपल्या घोडीवरचे सामान त्याने रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवले, ओरोसियाला वर बसवले आणि लगाम धरून निघाला. तीन हजार चारशेला गाडीरस्ता लागेपर्यंत तो थांबला नाही. तिथे मालाचा ट्रक मिळाला. एवारिस्तो तिच्याबरोबर चढले. खाली आल्यावर तिला जरा बरे वाटले होते. ती मासेदोनिओला म्हणाली, "माझ्या भट्टीतला पाव पाठवीन तुम्हाला." तो हसला. त्याने तिला ट्रकमध्ये बसलेली, बोलत असलेली पाहिली आणि तो खेचरांकडे परत गेला.

चौथ्या दिवशी लिमाच्या रुग्णालयात ओरोसिया वारली.

गावी तिला पोचवल्यावर, दफनभूमीतून परतताना कोस्मे एवारिस्तोंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वीस वर्षं पीठ हुंगलं बिचारीनं. फुप्फुसं आधीच गेली होती. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्याला धीर द्यायचा होता. एवारिस्तो हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. महिन्याभरात सगळे गाव तेच बोलू लागले, आणि त्या पिठाखाली आराखडा झाकला गेला. तो मंडळाच्या कपाटात नीट ठेवलाही गेला. अक्षर सुंदर होते ना.

नाताळच्या सुमारास मासेदोनिओचे पत्र आले. एवारिस्तोंनी ते उभ्या उभ्या वाचले. मग टेबलाशी बसून कोरा कागद घेतला, त्यावर तारीख घातली आणि तो तसाच बाजूला सारला. मग पत्राची घडी माझ्या झाकणात सरकवली, मला डबीत ठेवले आणि डबी खणात टाकली. पुढच्या रविवारी ते बसला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

खणातले दिवस कसे असतात ते काय सांगू? मी कुठे गेलो नाही, पण माझा काटा चालतच होता. चांगली हवा आली की खाली, पाऊस आला की वर. बघणारे कुणी नसताना आकडे दाखवत राहणे हे एक विचित्र जिणे आहे. माझा त्या मरणात किती वाटा, हा विचार मी अनेक वर्षे केला. मी आकडा तर बरोबरच दाखवला होता. पण मला शिखरावर मिळणाऱ्या टाळ्या आवडत. मुक्कामी मला कुणी विचारले नाही, याचे वाईट मलाही तेव्हा वाटले नव्हते. अजूनही मला नक्की सांगता येत नाही.

गेल्या मार्चमध्ये खण उघडला. एल्विरा आली होती, ओरोसियाची मुलगी. आता भट्टी तीच चालवते, आणि एवारिस्तोंना आदराने डॉन म्हणते.

"डॉन एवारिस्तो, पाव गरम आहे, आत्ताच खा. गार झाल्यावर खाऊन मला नावं ठेवू नका. आणि तो उंचीमापक द्या मला, जुलैत नेते, ऑगस्टमध्ये परत देते."

"तुमच्या फोनमध्ये दिसते की उंची."

"थंडीत फोन मरतो. शिवाय आईचा हा हातात धरलेला फोटो आहे माझ्याकडे. तिथे जाऊन मलाही तसाच काढायचाय." तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. "सहा जण निघालोय. हा तुमचाच आराखडा, कपाटातला. एक ओळ बदललेली नाही. कोस्मे म्हणतात, एवारिस्तोचा कागद म्हणजे देवाचा कागद. आणि सान रोकेच्या आधी बरोबर परत येतो."

एवारिस्तोंनी कागदाकडे पाहिले. छायाप्रतीतसुद्धा तो करडा डाग आला होता.

"छातीचं काय?" ते हळूच म्हणाले.

"तपासून घेतली. पीठ नाही सापडलं. मी पहिल्या दिवसापासून तोंडाला फडकं बांधते. आईसारखं नाही होणार माझं." हे तिने अगदी निर्धास्तपणे म्हटले.

मित्रांनो, तेव्हाच त्यांनी बोलायला हवे होते. ते म्हणाले, "काटा जरा अडकतो. तेल घालून गुरुवारी आणून देतो."

माझा काटा अडकत नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी त्यांनी मला स्टेशनवर नेले. एकोणीस वर्षांनी आम्ही दोघे त्या पाटीसमोर उभे राहिलो. मी आठशे सत्तर दाखवत होतो. त्यांनी कडे फिरवून मला आठशे बारावर आणले. सवय मोडली होती, म्हणून दोनदा फिरवावे लागले. मग ते बारच्या जिन्याने वर गेले.

"बघा कोण आलंय," कोस्मे म्हणाला. तो आता काठी घेऊन चालतो, पण अध्यक्ष तोच आहे. "एवारिस्तो, तुझ्या खुर्चीत आम्ही मांजर बसवलंय. उठेल का विचार तिला."

कुणी हसले, कुणी खुर्ची दिली. एवारिस्तो बसले नाहीत. त्यांनी मला टेबलावर ठेवले, झाकणातून पत्र काढले.

"या आराखड्यात दोन दिवस कमी आहेत," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की कोस्मेने कानामागे हात धरला. "कमी मी केले. खोडरबराने. जाण्याआधी तुम्हाला हे ऐकावं लागेल." आणि ते वाचू लागले.

"मास्तर, तुम्ही आणि तुमची मंडळी देवाच्या कृपेने सुखरूप असाल. आम्ही इकडे बरे आहोत. बाई घरी पोहोचल्या का, तेवढे कळवा. त्या पाव पाठवीन म्हणाल्या होत्या. पाव नको, तो इतक्या लांब येत नाही. बऱ्या आहेत, असे दोन ओळीत लिहा. बायको रोज विचारते. त्या संध्याकाळी मी एकदा बोललो आणि गप्प बसलो. तुम्ही शिकलेले, तुमच्याकडे यंत्र होते, मला वाटले तुम्हाला जास्त कळत असेल. आता जे बसमधून उतरून थेट वर निघतात त्यांना मी दोन दिवस नदीकाठी बसवून ठेवतो. रागावतात. रागावू देत. तुम्हालाही मी रागावू द्यायला हवे होते. तुमचा, मासेदोनिओ."

एवारिस्तोंनी पत्राची घडी घालून ते माझ्याशेजारी ठेवले. खाली बारमध्ये कुणीतरी कप विसळत होते, ते ऐकू येत होते.

"म्हणजे पीठ नव्हतं," एल्विरा म्हणाली.

"नव्हतं."

"पिठाचं मी बोललो होतो, पोरी," कोस्मे म्हणाला. त्याची काठी खाली पडली, ती त्याने उचलली नाही. "हा काही बोलला नव्हता."

"नाही असंही मी म्हटलं नाही," एवारिस्तो म्हणाले. "एकोणीस वर्षांत एकदाही नाही."

एल्विरा खिडकीशी गेली. आमच्याकडे पाठ करूनच तिने विचारले, "ते दोन दिवस कमी करा, असं तिनेच सांगितलं होतं ना? सान रोकेच्या पावासाठी?"

"हो. पण आराखडा माझा होता. नाही म्हणायचं काम माझं होतं."

ती टेबलाशी आली. तिने पेन्सिल घेतली आणि त्या करड्या डागावर दोन ओळी लिहिल्या. मग पट्टी लावून कागदाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारली आणि वर लिहिले, झोपण्याची उंची. "आकडे सांगा," ती एवारिस्तोंना म्हणाली. नकाशा पाहून ते एकेक आकडा सांगत गेले, ती लिहीत गेली. पुढे एका ठिकाणी तंबूच्या दोन मुक्कामांत साडेचारशे मीटरचा फरक आला, एका रात्रीसाठी फारच. तिथे तिने न विचारता आणखी एक दिवस घातला.

"यंदा सान रोकेला पाव नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग सान रोकेच्या कुत्र्याच्या तोंडात काय द्यायचं?" कोस्मेने विचारले. देवळात त्या संताच्या मूर्तीच्या पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. सवयीने विचारले, हसायला नाही.

"तुमची जीभ द्या," एल्विरा म्हणाली, आणि एवारिस्तोंकडे न पाहता जिना उतरून गेली. मला तिने नेले नाही.

दोन दिवस ती आली नाही. एवारिस्तो टेबलाशी बसून उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. शनिवारी भट्टी बंद झाल्यावर दार वाजले.

"लिहिलंत?"

"सात वेळा."

"सातवं द्या."

ती दारातच वाचू लागली. ते मला पाठ आहे, कारण लिहिताना ते पुटपुटत होते. "मासेदोनिओ, बाई घरी पोहोचल्या नाहीत. चौथ्या दिवशी लिमात त्या गेल्या. हे तुम्हाला कळवण्याचे धैर्य मला झाले नाही. तुम्ही त्यांना खाली आणले, वर मी नेले होते. तुम्ही एकदा बोललात ते पुरेसे होते. ऐकण्याचे काम माझे होते. जुलैत सहा जण येतील. त्यांनी कितीही घाई केली तरी त्यांना नदीकाठी बसवून ठेवा. त्यात बाईंची मुलगी आहे."

"मी जातेच आहे, तर हे मी नेऊन दिलं असतं," ती म्हणाली.

"नको. कोण येतंय हे त्यांना आधी कळलं पाहिजे. ते नसले तर त्यांच्या घरच्यांना."

तिने भिंतीला कागद टेकवून खाली एक ओळ लिहिली: पाव मी स्वतः घेऊन येते आहे. मग कागद परत देऊन म्हणाली, "उंचीमापकाला तेल घातलंत का?"

"त्याला काही झालं नव्हतं."

"ठाऊक आहे. स्टेशनवर घेऊन या, पाटीसमोर लावायचा कसा ते मला शिकवा."

मित्रांनो, मला तुम्हाला शिकवण्याचा अधिकार नाही, विनंती करतो. माझ्यासारखे एखादे जुने यंत्र तुमच्या घरात असेल तर त्याला खणात टाकू नका, अधूनमधून पुसा, खऱ्या पाटीसमोर नेऊन दुरुस्त करा. शिखरावर मला जरूर बाहेर काढा, टाळ्या वाजवा, मला आवडते. पण संध्याकाळी तंबू लागल्यावरही एकदा बघा. आणि तुमच्याबरोबरच्या कुणी सुपाला हात लावला नसेल, तर त्या वेळी माझ्याकडे पाहू नका, त्या माणसाकडे पाहा.

स्टेशनच्या दाराशी पिवळी टपालपेटी आहे. एल्विराने पाटीसमोर मला आठशे बारावर आणले, पहिल्याच खेपेला. एवारिस्तोंनी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले आणि सोडले. आत ते तळाशी पडल्याचा आवाज आला. हातभर खाली गेले असेल. एवढी उंची मला मोजता येत नाही.